डुकराचे उपकार

"तुमचं पँक्रियाज जवळजवळ बंद पडलंय," डॉक्टर शैलजा म्हणाल्या आणि त्याच दमात विचारलं, "तुम्ही शाकाहारी आहात का?"

मी हो म्हटलं. आमच्याकडे सणावारी कांदा-लसूणही चालत नाही, हेही सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आपल्याला थोडं बोलावं लागेल," त्या म्हणाल्या. त्या कन्नडमध्ये बोलत होत्या आणि मी मूळची बेळगावची, त्यामुळे मला सगळं नीट कळत होतं. दुर्दैवाने माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या यजमानांनाही कळत होतं.

पँक्रियाज म्हणजे स्वादुपिंड. जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं. इन्सुलिन तयार करणं हे त्याचं एक काम आणि अन्न पचवणारा रस आतड्यात सोडणं हे दुसरं. माझ्या स्वादुपिंडाने दुसरं काम कुणालाही न सांगता सोडून दिलं होतं. वर्षानुवर्षं सूज राहून त्यात बारीक खडे झाले होते. याला क्रॉनिक पँक्रिअटायटिस म्हणतात. हा दारू पिणाऱ्यांचा आजार, असं लोक धरून चालतात. मी आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे काही प्यायलेले नाही. आपल्या दक्षिणेकडे दारूला हात न लावलेल्यांनाही तो होतो आणि का होतो ते अजून नक्की कळलेलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण निदान ऐकल्यावर आमच्या गल्लीतल्या दोन बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कपाटात बाटली ठेवते.

आता लक्षणं. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर उपयोग व्हावा म्हणून लाज बाजूला ठेवून लिहिते. शौचाला फिकट, तेलकट व्हायचं. ते पाण्यावर तरंगायचं आणि कितीही पाणी सोडलं तरी जायचं नाही. वासाबद्दल न लिहिलेलं बरं. पोट सतत फुगलेलं आणि वजन मात्र उतरत चाललेलं. मी मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीत माझ्या वजनाचा केवढा गौरव झाला! "मॅडम, तुम्ही कुठलं डाएट करता?" ब्लाउजांना आतून टाके घालत होते, पायऱ्या चढताना धाप लागत होती आणि पदव्युत्तर शिकलेल्या बाया माझ्याकडे सडपातळ होण्याचं गुपित मागत होत्या. आमच्या जुन्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्यांवर कित्येक महिने ढकलले. त्यांनी एकदाही विचारलं नाही की बाई, तरंगतं का?

डॉक्टर शैलजांनी पहिल्याच भेटीत तेच विचारलं आणि मग स्टूल इलास्टेज नावाची तपासणी करायला सांगितली. इलास्टेज हे स्वादुपिंडाच्या रसातलं एक एन्झाइम. शौचात ते अगदी कमी सापडलं तर समजायचं की कारखाना बंद आहे. ती डबी पर्समध्ये लपवून मी रिक्षाने दवाखान्यात नेली. पोटाच्या रोग्यांच्या त्या प्रतीक्षागृहात भिंतीवर भला मोठा टीव्ही लावलेला आणि त्यावर पनीर बटर मसाल्याची कृती चाललेली. खाली आम्ही सगळे पोट धरून बसलेलो. हे ज्याला सुचलं त्याला मोठा पगार असणार.

एन्झाइम म्हणजे काय, ते बाईंनी मला कागदावर काढून दाखवलं. त्यांच्याइतकं सोपं मला जमतं का बघते. आपलं जेवण म्हणजे माळा असतात. भात-पोळीची माळ साखरेच्या मण्यांची, डाळीतल्या प्रथिनाची माळ अमिनो आम्लांच्या मण्यांची. तूप-तेलाला माळ नसते, एका छोट्या दांडीला तीन लांब शेपट्या जोडलेल्या असतात. आतड्याला अख्खी माळ ओढून घेता येत नाही, तिला सुटे मणी लागतात. माळ तोडणारी ती एन्झाइम्स. एन्झाइम स्वतःही प्रथिनच असतं, आणि फार हट्टी. अमायलेज फक्त पिष्ट तोडतं, प्रोटिएज फक्त प्रथिन, आणि लायपेज फक्त तुपाच्या शेपट्या. एकमेकांच्या कामाला ती हात लावत नाहीत. पोळीचा घास गिळायची घाई न करता खूप वेळ चावून बघा, तो गोडसर लागायला लागतो. ते लाळेतल्या अमायलेजचं काम. तुपाचं मात्र जवळजवळ सगळं काम स्वादुपिंडातल्या लायपेजवर चालतं, आणि माझ्याकडे तेच उरलं नव्हतं. मी चमच्या-चमच्याने तूप खात होते आणि ते जसंच्या तसं खाली जात होतं. तरंगत होतं ते तेच.

"एन्झाइम्स बाहेरून द्यावी लागतील," बाई म्हणाल्या. "प्रत्येक जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल. आयुष्यभर. पण ती डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. त्याच्या तोडीचं शाकाहारी औषध आज माझ्याकडे नाही. नको असेल तर तसं मला सांगा, आपण बोलू. पण मला सांगा."

शेजारी प्रल्हादरावांच्या घशातून एक आवाज आला. प्रल्हादराव म्हणजे आमचे यजमान. त्यांचं घराणं किती पिढ्यांपासून बेंगळुरात आहे ते त्यांनाही माहीत नाही. मराठी बोलतात, पण निम्मं कन्नड मिसळून. स्वभावाने इतके मऊ की रिक्षावाल्यालासुद्धा "स्वल्प हळू" म्हणायचं ते मला सांगतात.

मला किळस आली, खोटं कशाला बोलू? परतताना रिक्षात डोळ्यांतून पाणीही आलं. पण घराच्या वळणापर्यंत माझं ठरलं होतं. मला जगायचं होतं, आणि शक्य झालं तर तूप खाऊन जगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. माझ्या नणंदबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, इलेक्ट्रॉनिक सिटीतून मुलाच्या गाडीने आल्या. सोबत प्लास्टिकच्या बाटलीत तपकिरी पाणी आणलं होतं. अक्का संत्र्या-लिंबांच्या साली, गूळ आणि पाणी ड्रममध्ये कुजवून त्याला बायो-एन्झाइम म्हणतात. त्यांच्या सोसायटीत सगळ्या बायका त्याने फरशा पुसतात.

"वसुधा, हे घे रोज दोन चमचे," अक्का म्हणाल्या. "एन्झाइमच पाहिजे ना तुला? हे घरचं आहे. ते कशाला," आणि इथे आवाज खाली आणून, दाराकडे बघून, "हंदीचं?"

हंदी म्हणजे डुक्कर. जणू तो प्राणी दाराबाहेर उभा राहून ऐकत होता.

"अक्का, तुम्ही याने संडास धुता," मी म्हटलं.

"म्हणजेच किती शक्ती आहे बघ!"

अक्का पदवीधर आहेत, बरं का. मग पपई निघाली, अननस निघाला, जिऱ्याचं पाणी निघालं. नैवेद्याच्या स्वयंपाकाला माझा हात लागणार का, यावर माझ्यासमोर, मी तिथे नसल्यासारखी चर्चा झाली. माझं वजन किती उरलंय हे कुणीही विचारलं नाही. शेवटी प्रल्हादराव उठले. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, असं ते म्हणाले. "वसू, तू घे औषध. मी आणतो."

मला भरून आलं. इतक्या वर्षांत हा माणूस अक्कांसमोर पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलला, असं मला वाटलं.

कॅप्सूल सुरू झाल्या. मी शिकवणारी बाई, सांगितलेलं तंतोतंत पाळते. पहिला घास, कॅप्सूल, पाणी, पुढचं जेवण. शाळेत डब्याबरोबर, घरी ताटाबरोबर. तरीही वजन उतरतच राहिलं. अंगावर विनाकारण काळेनिळे डाग पडायला लागले. संध्याकाळच्या उजेडात रस्त्यावरचे खड्डे दिसेनात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं तुपा-तेलाबरोबरच शोषली जातात, त्यामुळे तूप वाया गेलं की तीही वाया जातात. बाईंनी कॅप्सूल वाढवल्या. फरक शून्य. "पहिल्या घासाबरोबरच घेता ना?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मी चिडून हो म्हटलं.

मग त्यांचा चेहरा बदलला. "औषध लागू पडायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पडत नाही, म्हणजे आत आणखी काही आहे का ते बघायला हवं. या आजारात पुढे कधी कधी गाठ होते." गाठ म्हणजे कॅन्सर, हे समजायला मला कागद-पेन लागलं नाही.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड करायचं ठरलं. तोंडातून नळी पोटात सोडतात, तिच्या टोकाला कॅमेरा आणि सोनोग्राफीचं यंत्र असतं. त्याने स्वादुपिंड अगदी जवळून दिसतं. गुंगी देतात, त्यामुळे तिथे फार त्रास होत नाही. त्रास होतो तो त्याच्या आधी. तारीख मिळेपर्यंत मी मनातल्या मनात मरून पाहिलं. प्रल्हादरावांना चहासुद्धा धड येत नव्हता, म्हणून मी त्यांना कुकर लावायला शिकवलं. डाळीत हळद किती, तांदूळ किती धुवायचे, शिट्ट्या किती. ते खाली मान घालून शिकत होते. एकदा त्यांच्या हातून डाळ ओट्यावर सांडली. मला त्यांची दया आली. माझ्या मागे हा माणूस कसा जेवेल, या विचाराने मी न्हाणीघरात जाऊन रडले.

तपासणीच्या दिवशी ते बाहेर बसून स्तोत्र पुटपुटत होते. मी शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर शैलजा उभ्या होत्या. "गाठ नाही," त्यांनी सांगितलं. मी डोळे मिटले. प्रल्हादराव हमसून हमसून रडले. नर्स म्हणाली, केवढं प्रेम आहे बघा! मलाही तेच वाटलं.

बाई मात्र खूश दिसत नव्हत्या. "गाठ नाही, तर मग कॅप्सूल का चालत नाहीत?" त्या स्वतःशीच बोलल्या. मला तेव्हा गिळता येत नव्हतं, नळीने घसा सोलवटला होता. त्यांनी सांगितलं, "घसा बरा होईपर्यंत कॅप्सूल उघडा. आत बारीक दाणे असतात, ते सफरचंदाच्या गरावर टाकून न चावता गिळा. गरम भातात नको, दुधातही नको. जठरातल्या आम्लात एन्झाइम मरतं, म्हणून प्रत्येक दाण्यावर कवच असतं. ते आधीच विरघळलं तर सगळं फुकट."

घरी आले. सफरचंद वाफवलं, गार केलं, वाटीत कुस्करलं. कॅप्सूलचे दोन भाग ओढून वेगळे केले. दाणे पडले नाहीत. पडली ती मातकट रंगाची भुकटी. वास पपईच्या वाळलेल्या सालीचा. मी दुसरी उघडली. तिसरी उघडली. सगळ्यांत तेच.

"अहो," मी हाक मारली. घसा बसला होता, पण त्यांना ऐकू गेलं.

ते आले, वाटी बघितली आणि खुर्चीत बसले. मग हळूहळू बाहेर आलं. खरं औषध त्यांनी आणलं होतं. ते अक्कांनी बघितलं. मग दोघं बहीण-भाऊ इंदिरानगरच्या कुठल्याशा निरोगी जीवनाच्या दुकानात गेले. तिथे झाडांच्या कुंड्या, मातीची भांडी आणि शंभर टक्के शाकाहारी एन्झाइम मिळतं. दुकानदार म्हणाला, एन्झाइम ते एन्झाइम, फक्त व्हेज. खऱ्या कॅप्सूल गटारात गेल्या आणि त्या बाटलीत या भरल्या गेल्या. मी खरी कॅप्सूल कधी पाहिलीच नव्हती, मला काय कळणार?

"तुला पाप लागू नये म्हणून, वसू," ते म्हणाले. "तुझ्या हातचा नैवेद्य चालावा म्हणून. मला वाटलं, दोन्ही एकच."

"गाठ म्हणाल्या बाई, तेव्हा?" मी विचारलं. "कुकर शिकत होतात, तेव्हा? तेव्हाही एकच वाटत होतं?"

त्यांनी उठून कुकर घासायला घेतला. एवढं उत्तर मला पुरलं.

"माझं पाप मी बघून घेईन. तुम्ही तुमचं बघा," मी म्हटलं. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात फक्त कुकर बोलला. तो प्रल्हादरावच लावायचे.

अक्कांचा फोन आला. हेतू चांगला होता, म्हणाल्या. चांगल्या हेतूने माझं स्वादुपिंड चालू होणार असतं, तर मी अक्कांची गोळी करून जेवणाबरोबर घेतली असती. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी फोन ठेवला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर मन शांत ठेवण्याविषयी एक सुविचार टाकला.

पुढच्या भेटीला मी प्रल्हादरावांना सोबत नेलं आणि त्यांच्याच तोंडून बाईंना सांगायला लावलं. बाईंनी चष्मा काढला. त्या चिडल्या नाहीत, त्याहून वाईट म्हणजे त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. "सर, पपईतलं एन्झाइम प्रथिन तोडतं. तुपाला ते शिवतही नाही. आणि बाहेर त्याचा सगळ्यात मोठा उपयोग काय आहे ठाऊक आहे? मटण मऊ करायला लावतात ते."

प्रल्हादरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आजारपणात मी मनापासून हसले ती हीच एक वेळ.

तुम्हाला हे औषध लागलं, तर माझं ऐका. स्वतः जाऊन आणा. निदान एकदा उघडून बघा, आत दाणे दिसले पाहिजेत. जेवणाआधी तासभर किंवा जेवून पान खाताना घेऊ नका, एन्झाइमला अन्न भेटलं नाही तर ते तोडणार काय? आणि धर्मापायी ते नकोच असेल, तर तसं डॉक्टरांच्या तोंडावर सांगा. त्याला हिंमत लागते, पण ते सरळ आहे. दुसऱ्याच्या बाटलीत चोरून धर्म भरणं हा भित्रेपणा आहे, आणि त्याला सोवळं म्हणणाऱ्यांची मला कीव येते.

खऱ्या कॅप्सूल सुरू झाल्यावर पोट आधी उतरलं. मग वजनाचा काटा थांबला. आणि एका सकाळी मी संडासात उभी राहून ओरडले. प्रल्हादराव घाबरून धावत आले. "काय झालं? काय झालं?"

"बुडलं!" मी म्हटलं.

ते दारात उभे राहिले, आत डोकावले आणि त्यांनी हात जोडले. कशाला जोडले ते मी विचारलं नाही. त्या दिवशी मी त्यांच्याशी पुन्हा बोलायला लागले. माफ केलं असं म्हणणार नाही, बोलायला लागले.

गौरी-गणपतीला अक्का आल्या. स्वयंपाक मीच केला, नैवेद्यही मीच दाखवला. गणपतीने तोंड फिरवलं नाही. पानं मांडली, वरण-भातावर तूप पडलं. मी बसले आणि पाहिलं, तर माझ्या पानावर डाव्या बाजूला, मिठाशेजारी, एक कॅप्सूल ठेवलेली होती. पानं प्रल्हादरावांनी वाढली होती.

अक्कांनी ती पाहिली. "अय्यो, प्रल्हादा, नैवेद्याच्या पानात? निदान आज तरी..."

"अक्का," प्रल्हादराव म्हणाले. त्यांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. "तिचा पहिला घास होऊ दे. तोपर्यंत तू स्वल्प गप बस."

मी तूप-भाताचा घास घेतला, कॅप्सूल घेतली, वर पाणी प्यायले. मग बाकीचे जेवायला लागले. अक्काही. तो भात किती गोड लागला, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

लोक मला विचारतात, या आजाराने काय शिकवलं? माणसं फारसं काही शिकत नाहीत, एवढं शिकवलं. पण आभार मानायचेच, तर डॉक्टर शैलजांचे मानते. उशिरा का होईना कणा सापडलेल्या माझ्या नवऱ्याचेही, थोडेसे. आणि जेवताना देवाला हात जोडून झाले की मी मनातल्या मनात त्या डुकराला जोडते. ते कुठल्या गावचं होतं, मला माहीत नाही. त्याने मला कधी पाहिलं नाही, माझ्या सोवळ्याची चिंता केली नाही, आणि तरीही माझ्या ताटातलं तूप रोज तेच पचवतं.

आमच्या घरात इतकी पवित्र माणसं होती. त्यांच्यातल्या एकाकडूनही ते झालं नाही.